दिवेलागणीचा हिशेब

संध्याकाळची सहा ते आठ ही आपल्याकडे दिवेलागणीची वेळ. तुळशीपाशी पणती, देवापाशी निरांजन, आणि दिवा लागला की थोरामोठ्यांना नमस्कार. ज्या घरांत ही रीत होती तिथं त्या वेळेला झोपायचं नाही, केर काढायचा नाही, असे कितीतरी नियम असत. आज याच वेळेला आणखी काही माणसं मोठ्या काळजीनं जपतात. ती ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात बसलेली असतात आणि त्यांची नजर एका आकड्यावर खिळलेली असते. तो आकडा पन्नासच्या जवळ राहिला पाहिजे.

हा आकडा म्हणजे विजेची वारंवारिता, सेकंदाला पन्नास आवर्तनं. वीज ही धान्यासारखी वस्तू नाही. ती पोत्यात भरून ठेवता येत नाही. या क्षणी देशभर जेवढी वापरली जाते आहे, तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. बैलगाडी सपाटीवर चालत असताना एकदम चढाला लागली की बैलांची चाल मंदावते. विजेची मागणी वाढली की देशभरातली जनित्रं तशीच जड होतात आणि आवर्तनं पन्नासच्या खाली घसरू लागतात. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखायची असतात. तोल फारच ढळला, की जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बाजूला होतात आणि सगळी यंत्रणा कोसळते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची जाळी एकाच वेळी कोसळली तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारात गेला होता.

सूर्यापासून वीज करणं ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या सौरऊर्जेच्या क्षमतेनं १०० गिगावॉटचा, म्हणजे एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत कोळसा आणि वायू वगळून उरलेल्या साधनांचा वाटा निम्म्यावर पोचला. पण क्षमतेचे हे आकडे वाचताना दिवेलागण विसरून चालत नाही. सौर पॅनेल दुपारी बाराला भरभरून देतं, चारला हात आखडतं आणि साडेसहाला काहीच देत नाही. घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर आणि आता शहरांतले एसी नेमके त्याच सुमाराला सुरू होतात.

कॅलिफोर्नियातल्या वीज जाळीच्या व्यवस्थापकांनी २०१३ मध्ये याचा एक आलेख काढला. दिवसभरातल्या एकूण मागणीतून सौर आणि पवन वीज वजा केली तर दुपारी खोल पोट दिसतं आणि संध्याकाळी उंच मान. आकार बदकासारखा, म्हणून त्याला बदकाचा आलेख असं नाव पडलं. ती मान चढायची म्हणजे दोन-तीन तासांत हजारो मेगावॉट वीज कुठून तरी उभी करायची. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. तो थंड झाला की पुन्हा तापायला कित्येक तास घेतो, म्हणून दुपारी गरज नसतानाही त्याला मंद आचेवर चालू ठेवावं लागतं. आपल्याकडचे संच साधारणपणे क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतात. त्याखाली आणायचं तर यंत्रांत बदल करावे लागतात. मग दुपारी कोळसाही जळत राहतो आणि उन्हाची वीज मात्र कधीकधी नाकारावी लागते. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

तेव्हा आता दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कशी, हा प्रश्न आहे.

सर्वांत जुना आणि आजही जगात सर्वाधिक वीज साठवणारा उपाय पाण्याचा आहे. तो समजून घ्यायला आपल्या इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी पुरेशी आहे. टाकी चार मजल्यांवर, म्हणजे साधारण बारा मीटर उंचीवर आहे असं धरू. ती भरण्यासाठी पंपानं जी वीज खाल्ली, तिचा काही भाग त्या पाण्यात उंचीच्या रूपानं शिल्लक असतो. ते पाणी खाली सोडून त्यावर छोटं जनित्र फिरवलं तर किती वीज मिळेल? गणित केलं तर जेमतेम ३३ वॉट-तास. नऊ वॉटचा एक एलईडी दिवा साडेतीन तास पेटेल, बस्स.

आता हीच टाकी बारा मीटरऐवजी चारशे मीटर उंचीवर नेऊ. हजार लिटर पाणी तितक्या उंचीवरून खाली येताना सुमारे १.०९ किलोवॉट-तास ऊर्जा देतं. यंत्रांतली गळती वजा केली की हातात पडतं एक युनिट. बिलावर छापलेलं असतं ते एक युनिट. एक टाकी, चारशे मीटरचा कडा, एक युनिट. हे सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं. चारशे मीटरचा सरळ कडा कुठं मिळणार, हे तर मराठी माणसाला सांगायलाच नको.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे, घाटघर नावाचं गाव आहे. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ते ओळखलं जातं. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग-मदन-कुलंगची रांग, आणि गावाच्या टोकाला घाटमाथा एकदम संपतो. खाली ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याची जमीन दिसते. ट्रेकर मंडळी इथं येतात ती या कड्यासाठी आणि जवळच्या सांदण दरीसाठी. त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की आपण ज्या डोंगरावर उभे आहोत त्याच्या पोटात एक वीजघर आहे.

घाटघरला वर एक धरण आहे आणि खाली चोंढे गावाजवळ दुसरं. दोन्ही जलाशय बोगद्यानं जोडलेले आहेत आणि मध्ये भूमिगत वीजघरात १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. वीज मुबलक असते तेव्हा हे संच पंपासारखे उलटे फिरतात आणि खालचं पाणी वर चढवतात. वीज हवी असते तेव्हा तेच पाणी खाली सोडलं जातं आणि तेच संच सुलटे फिरून वीज देतात. पंप वेगळा आणि टर्बाइन वेगळं असं इथं नाही. फिरण्याची दिशा बदलली की यंत्राचं काम बदलतं. शासकीय मराठीत याला उदंचन जलविद्युत म्हणतात. शब्द जड आहे, पण उदंचन म्हणजे पाणी वर उपसणं, इतकाच त्याचा अर्थ. २००८ मध्ये घाटघरचा प्रकल्प सुरू झाला. तिथली धरणं बांधताना जवळजवळ कोरडं काँक्रीट थरांत पसरून रस्त्यासारखं रोलरनं दाबण्याची पद्धत वापरली गेली. भारतात अशी धरणं पहिल्यांदा इथंच झाली.

आता आपलं टाकीचं सूत्र लावून बघा. २५० मेगावॉट सहा तास म्हणजे पंधरा लाख युनिटं, म्हणून सुमारे पंधरा लाख टाक्या पाणी. हे पाणी संपत नाही. संध्याकाळी खाली गेलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतं. बाष्पीभवनात जाईल तेवढंच भरून काढायचं, आणि घाटघरला पावसाची काय कमतरता! तोटा होतो तो विजेचा. वर चढवायला शंभर युनिटं खर्चली तर परत पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. उरलेली घर्षणात आणि उष्णतेत जातात. ज्या वेळी वीज वाया जाणारच होती त्या वेळची शंभर देऊन दिवेलागणीची पंचाहत्तर मिळवायची, असा हा सौदा आहे. मला तो चांगला वाटतो.

अशी वीजघरं आखली गेली तेव्हाचा हिशेब मात्र वेगळा होता. त्या काळी रात्री बारानंतर मागणी पडायची आणि कोळशाचे संच बंद करता यायचे नाहीत, म्हणून पाणी रात्री चढवायचं असं ठरलेलं असे. सौरऊर्जेनं हे घड्याळ फिरवलं. आता पाणी चढवायची योग्य वेळ भर दुपार आहे. यंत्रं तीच, कडा तोच.

जगात या विद्येचे मोठे नमुने आहेत. चीनमधल्या फेंगनिंगचा प्रकल्प ३,६०० मेगावॉटचा आहे. ब्रिटनच्या वेल्स प्रांतात डिनॉर्विग इथं पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींच्या डोंगरात १९८४ मध्ये असंच वीजघर झालं. त्याचे संच आधीच फिरत ठेवलेले असतील तर वीस सेकंदांच्या आत १,३०० मेगावॉटपर्यंत पोचतात. टीव्हीवरचा लोकप्रिय कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकाच वेळी चहाच्या किटल्या चालू होतात, आणि तो भार उचलायला अशा चपळ वीजघरांचा उपयोग होतो. आपल्याकडे पश्चिम बंगालमधलं पुरुलिया ९०० मेगावॉटचं आणि तमिळनाडूतलं कदंपराई ४०० मेगावॉटचं आहे.

पण सह्याद्री आणि वीज यांचं नातं घाटघरपेक्षा फार जुनं आहे. मुंबईहून पुण्याला जाताना खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे भले मोठे नळ तुम्ही पाहिले असतील. १९१५ मध्ये तिथं टाटांचं वीजघर सुरू झालं. जमशेटजींचं हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी पुरं झालं. लोणावळ्याच्या परिसरात पडणारा धो-धो पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांत अडवायचा आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खोपोलीला सोडून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, हीसुद्धा एक साठवणच. नंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आलं. भिऱ्याला पुढं १५० मेगावॉटचा उलटसुलट फिरणारा संचही बसला.

कोयनेची गोष्ट याच्याही पुढची. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटची यंत्रं आहेत, पण ती वर्षभर सतत चालतील इतकं पाणी तिथं नाही. पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी कोयनेला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे. त्या पाण्यात एवढी यंत्रं वर्षातला फार थोडा वेळ चालू शकतात. मग इतकी बसवली कशाला? याचं उत्तर पुन्हा दिवेलागणीत आहे. पाणी थोडं असलं तरी संध्याकाळच्या दोन-तीन तासांत ते जोरानं सोडता यावं, यासाठी. चौथ्या टप्प्यातले एक हजार मेगावॉट मुख्यतः याच कामाचे. या टप्प्यासाठी कोयनेच्या भरलेल्या शिवसागर जलाशयाच्या तळाखालून बोगदा खोदत नेला आणि शेवटचा खडकाचा बूच १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगानं उडवला. वर तलाव भरलेला, खाली बोगदा, आणि मधला खडक एका क्षणात नाहीसा. लेक टॅपिंगचा असा प्रयोग भारतात पहिल्यांदा झाला तो कोयनेला. २०१२ मध्ये तो दुसऱ्यांदाही यशस्वी झाला. आपल्या अभियंत्यांच्या या कामाबद्दल शाळेच्या पुस्तकात एक पानही नसावं, याचं मला वाईट वाटतं.

याच पानावर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. भिऱ्याचं वीजघर ज्या पाण्यावर चालतं ते मुळशीच्या धरणाचं. त्या धरणात मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि मावळातली भाताची जमीन गेली. १९२१ मध्ये तिथं शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी इथंच सेनापती म्हणायला सुरुवात केली. सत्याग्रह हरला. जमीन मावळ्यांची गेली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. कोयनेच्या धरणग्रस्तांना तर धरण होऊन साठ वर्षं उलटली तरी जमिनीसाठी आणि सातबाऱ्यासाठी आंदोलनं करावी लागली.

ही आठवण आज काढण्याचं कारण आहे. राज्यानं उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणलं आहे आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अशा अनेक प्रकल्पांचे करार झाले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य शासनाशी केलेल्या करारात शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटची आखणी आहे. शिरवटा आणि भिवपुरी ही शंभर वर्षांपूर्वीचीच नावं आहेत. जिथं तलाव आधीच आहे, रस्ता आहे, वीजवाहिनी आहे, तिथं असे प्रकल्प प्रथम व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी जागा निवडायची तर ती बहुतेक वेळा जंगलात आणि तीव्र उतारावर असते, कारण उंच कडा तिथंच असतो. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या नाजूकपणाविषयी जे सांगितलं, ते वीज हरित आहे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. कड्याचं पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं. कड्यावरचं जंगल एकदा तुटलं की तसं परत येत नाही. आणि ज्यांची जमीन जाईल त्यांना पहिल्या युनिटच्या आधी त्यांचा मोबदला मिळावा, इतकं तरी मुळशीनं आपल्याला शिकवलेलं असावं.

गेल्या काही वर्षांत पाण्याला एक जबरदस्त प्रतिस्पर्धी आला आहे तो लिथियमच्या बॅटरीचा. १९९१ मध्ये कॅमेऱ्यांसाठी बाजारात आलेली ही बॅटरी आज डब्यासारख्या कंटेनरांत भरून वीज उपकेंद्रांच्या आवारात रांगेनं उभी राहते आहे. ज्या एका युनिटसाठी हजार लिटर पाणी चारशे मीटर चढवावं लागतं, ते आठ-दहा किलोच्या बॅटरीत मावतं. ती बसवायला कडा लागत नाही, धरण लागत नाही, आणि काम वर्षभराच्या आत उरकतं. किंमत तर नजर ठरू नये इतकी खाली आली. भारतात २०२२ च्या सुमाराला दोन तासांच्या बॅटरी साठवणीचा दर मेगावॉटमागे महिन्याला सुमारे अकरा लाख रुपये लागला होता. २०२५ मध्ये केंद्राच्या अर्थसाहाय्यासह तो अडीच लाखांच्याही खाली आला. दोन-चार तासांच्या साठवणीला ती उत्तमच. तिच्या मर्यादाही आहेत. आयुष्य पंधरा वर्षांच्या आसपास, सेल मुख्यतः चीनमधून येणारे, आणि सात-आठ तासांची साठवण करायची तर खर्च वाढत जातो. धरण आणि बोगदा मात्र पन्नास वर्षं सहज टिकतात. माझा कौल असा, की संध्याकाळची पहिली धडक बॅटरीनं घ्यावी आणि रात्रीचा लांबलचक भार पाण्यानं उचलावा.

पण या दोन्हींच्या आधी एक तिसरी साठवण आहे आणि तिच्याकडे आपण फार उशिरा वळलो. ती म्हणजे शेतकऱ्याची विहीर आणि त्याचं शेत.

महाराष्ट्रात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप वीजजोडण्या आहेत. त्यांना थ्री फेज लाईट ठरावीक तासच मिळते. अनेक ठिकाणी एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीचा आठवडा म्हणजे काय हे ज्यानं थंडीत मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात उसाला दारं धरली आहेत त्यालाच विचारावं. पायाखाली साप-विंचू, जुन्नर-अकोल्याकडे उसात बिबट्या, आणि एवढं करून पहाटे तीनला डीपीचा फ्यूज उडाला की सगळं पाणी अर्ध्यावर. रात्रीची लाईट शेतकऱ्याच्या सोयीसाठी कधीच नव्हती. रात्री कोळशाच्या विजेला गिऱ्हाईक नसायचं, म्हणून ती त्याच्या माथी मारली गेली.

आता दुपारी वीज जास्त झाली आहे. पिकाला पाणी सकाळी दहाला दिलं काय आणि दोनला दिलं काय, फारसं बिघडत नाही. म्हणजे पंप हा असा भार आहे, जो उन्हाबरोबर चालू शकतो आणि उन्हाबरोबर थांबू शकतो. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीला दिवसाच वीज द्यायची. पहिल्या प्रकल्पांतला एक राळेगणसिद्धीत झाला आणि २०२३ पासून योजनेचा दुसरा, बराच मोठा टप्पा चालू आहे. या विजेला लांबचा प्रवास नाही, बॅटरी नाही, कडा नाही. ती तयार होते त्याच क्षणी मातीत पाणी होऊन जिरते. गावोगावच्या जागेच्या अडचणी, पॅनेलची धूळ, ढगाळ पावसाळा हे प्रश्न आहेत. तरी गेल्या तीस वर्षांत शेतकऱ्यासाठी विजेच्या बाबतीत याहून शहाणं काही झालं, असं मला वाटत नाही.

शहरात राहणाऱ्या वाचकाच्या हातातही अशीच एक विहीर आहे. ती म्हणजे गच्चीवरची तीच टाकी. बहुतेक सोसायट्यांचा पंप सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला चालतो, म्हणजे ऐन दिवेलागणीला. टाकीला काही त्या वेळेचं बंधन नाही. २०२३ मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत वापरलेल्या विजेचा दर कमी ठेवण्याची तरतूद केली आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा. नळाला पाणी येण्याच्या वेळा आणि खालच्या टाकीची क्षमता बघून संध्याकाळच्या पंपाची वेळ दुपारी बारा ते तीनमध्ये आणता येते का, ते तपासा. त्यासाठी एक टायमर लागतो, आणि तो कोणताही वायरमन अर्ध्या तासात बसवून देतो.